चारशे पुड्यांचं पुस्तक

"सर, तुम्ही शेवटचं पुस्तक कोणतं वाचलं? आणि त्याच्या शेवटी काय झालं?"

एवढं विचारून उर्वशी माईक दोन्ही हातांनी धरून उभी राहिली. मागच्या रांगेत दिव्यानीने प्रियाच्या दंडाला असा काही चिमटा काढला, की प्रियाचं "अवं माय!" माईक नसतानाही सगळ्या हॉलला ऐकू गेलं.

पैज जेवणाच्या पंगतीत लागली होती. "त्या रिमोटवाल्याले हे इचारून दाखव," दिव्यानी म्हणाली होती. "तुले हिंमत नाई होत."

"आन् केली तं?"

"तं आठ दिवस माह्या डब्यातलं लोणचं तुहं."

"आन् माही सायकल," प्रिया म्हणाली. "एक दिवस. फक्त एक."

खरं तर लोणचं नसतं तरी उर्वशीने विचारलं असतं. डिसेंबरपर्यंत ही मुलगी बोलायची ती ओढणीच्या टोकाशी. मग शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या दिवशी सूत्रसंचालन करणारी मुलगी तापाने पडली, प्रफुल सरांनी हाताला लागली ती मुलगी माईकपुढे ढकलली आणि ती निघाली उर्वशी. आपला आवाज पार मागच्या भिंतीपर्यंत जातो आणि तिथून परतही येतो, हे तिला त्या दिवशी कळलं. तेव्हापासून तिचं तोंड जे उघडलं ते मिटायचं नाव घेईना. नववीत होती, आणि आपल्याला न येणारी एकही गोष्ट जगात उरलेली नाही अशी तिची खात्री झाली होती.

आज ती आरमोरीच्या मंगल कार्यालयात ग्रंथपालांच्या अधिवेशनाला आली होती, ती शाळेकडून स्वागतगीत गायला. गीत चार मिनिटांचं. त्या चार मिनिटांसाठी अकरा मुलींना सकाळी नऊपासून बसवून ठेवलं होतं, आणि नऊपासून उर्वशी जे बघत होती ते बघून तिला हसावं की उठून जावं हे कळत नव्हतं.

स्टेजवर आदल्या दिवशीच्या लग्नाचं थर्माकोलचं बदाम तसंच होतं. त्याच्यावर 'बदलत्या काळातील ग्रंथपाल : व्यावसायिक विकास सत्रे' असं फ्लेक्स ताणलं होतं, पण फ्लेक्स तोकडं पडलं आणि बदामाचं टोक, त्यावरच्या नवऱ्यामुलाच्या अर्ध्या नावासकट, खालून डोकावत राहिलं. सत्कार सुरू झाले ते दीड तास चालले. ज्याचा सत्कार झाला त्याने मग दुसऱ्याचा केला. पुस्तकांच्या माणसांचं अधिवेशन, पण एकाही माणसाने एकाही माणसाला पुस्तक दिलं नाही; सगळे बुके. जेवणाआधीच 'सत्रे कशी वाटली' याचा फॉर्म भरून घेतला, कारण जेवणानंतर लोक पळतात. जी सत्रं अजून व्हायची होती ती सगळ्यांनी 'उत्कृष्ट' म्हणून लिहून दिली.

आणि मग हे रिमोटवाले डॉ. प्रणित सर. लांबून आलेले, त्यामुळे मोठे. त्यांनी आल्या आल्या एकशेसाठ ग्रंथपालांना उभं केलं आणि पावसाची टाळी वाजवायला लावली. एका बोटाने टिपटिप, दोन बोटांनी रिमझिम, चार बोटांनी मुसळधार. पन्नाशीची माणसं, केस पांढरे, चष्मे नाकावर, बोटांनी पाऊस पाडत होती. पाचव्या रांगेत कडेच्या खुर्चीपुढे उभा राहून, मांडीवरची फाईल काखेत दाबून, एक माणूस मन लावून रिमझिम वाजवत होता. ते उर्वशीचे बाबा.

सोमाजी दोनाडकर, ग्रंथपाल, सार्वजनिक वाचनालय, सालईटोला. आरमोरीहून एसटीने चाळीस मिनिटं. एक खोली, चार कपाटं, एक टेबल. एक संगणक, ज्याला आईने जुन्या पातळाचा झगा शिवून दिला होता आणि जो त्या झग्यातून दोनदाच बाहेर आला होता, दोन्ही वेळा तपासणी होती म्हणून. बाबा रोज सकाळी आणि संध्याकाळी कुलूप उघडत, वर्तमानपत्रं काठीला लावत आणि बसत. एवढंच. उर्वशीला आठवतं तसे ते तिथे बसलेच होते.

महिन्याभरापूर्वी त्यांना या अधिवेशनाची पत्रिका आली. तिच्यात तिसऱ्या पानावर छापलं होतं : 'दु. ३.४० ते ३.५०, ग्रामीण ग्रंथपालाचे मनोगत, श्री. सोमाजी दोनाडकर.' बाबांनी त्या ओळीखाली पट्टी धरून लाल पेन्सिलने रेघ मारली. त्यानंतर महिनाभर संध्याकाळी वाचनालय बंद केल्यावर ते कागदावर काहीतरी लिहीत, खोडत, पुन्हा स्वच्छ अक्षरात उतरवत. दहा मिनिटांत बसते की नाही म्हणून आईपुढे घड्याळ ठेवून मनातल्या मनात वाचत. आई तांदूळ निवडता निवडता सांगे, "आता आठ झाले. आता साडेआठ." काय लिहिलं ते त्यांनी कोणाला दाखवलं नाही, आणि उर्वशीने विचारलंही नाही. वाचनालयात विचारण्यासारखं काय असतं?

तर प्रश्न विचारून झाला होता.

डॉ. प्रणित सर हसले. नुकतंच त्यांनी सांगितलं होतं की ग्रंथपालाने रोज किमान पन्नास पानं वाचलीच पाहिजेत, आणि त्या वाक्याला तीन बोटांच्या टाळ्याही मिळाल्या होत्या.

"फार छान प्रश्न," ते म्हणाले. "टाळ्या हो या मुलीसाठी! आता असं आहे, की मी एका वेळी चार-पाच पुस्तकं वाचत असतो, त्यामुळे एकाचं नाव घेणं..."

"मग पाचातलं एक सांगा," उर्वशी म्हणाली.

हे पैजेत नव्हतं. हे तिचं स्वतःचं होतं. हॉल हसला, अगदी मोकळा हसला. जेवून सुस्तावलेले ग्रंथपाल सरसावून बसले. उर्वशीला वाटलं, आपण दोन बोटं जमिनीवरून उचललो गेलो आहोत.

डॉ. प्रणित सरांनी रिमोट एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. हसू तेवढंच ठेवलं, पण डोळ्यांतून काढून घेतलं.

"नाव काय बेटा तुझं? गाव कोणतं?"

"उर्वशी. सालईटोला."

"सालईटोला!" ते म्हणाले, आणि त्यांना घबाड सापडावं तसा त्यांचा चेहरा झाला. "अरे वा. थांबा हं. मग तुमच्या गावचं एक पुस्तक आपण सगळे मिळूनच वाचू."

रिमोटचं बटण दाबत दाबत त्यांनी पडद्यावरची चित्रं मागे नेली. एक चित्र आलं. वर मोठ्या अक्षरांत 'काय करू नये'. खाली एका नोंदवहीच्या पानाचा फोटो, आणि वरच्या कोपऱ्यात जिथे वाचनालयाचं नाव असतं तिथे काळी पट्टी.

"तपासणीत मिळालेलं पान आहे. मी नाव झाकलं होतं, कोणाला वाईट वाटायला नको म्हणून. पण आता वाचनप्रेमी कन्या समोरच उभी आहे, तर सांगायला हरकत नाही. हे सालईटोला." त्यांनी लाल ठिपका पानावर फिरवला. "मे महिना. पुस्तक नेणाऱ्याचं नाव बघा. ग्रंथपाल स्वतः. खाली, ग्रंथपाल स्वतः. त्याखाली, ग्रंथपाल स्वतः. महिन्यात सात पुस्तकं बाहेर गेली, सातही ग्रंथपालांनीच नेली! म्हणजे अख्ख्या गावात वाचक एकच, आणि त्यालाच आपण वाचक वाढवायला बसवलंय."

हॉल हसला. मघाचंच हसू, तसंच मोकळं.

"आणि हा शेरा वाचा. चारशे पुडे. साडेसहाशे पुडे. शेवटी, दोनशे ऐंशी पुडे, अपूर्ण. हे काय आहे, कोणी सांगेल का? पुस्तकं आहेत की मसाला?"

मागून कोणीतरी ओरडलं, "बिड्या फुकत वाचत असन भाऊ!" आणि हसण्याची दुसरी लाट आली. गंमत म्हणजे त्या हॉलमधल्या निम्म्या माणसांच्या घरी मे महिन्यात तेंदूपत्ता येतो. पुडे म्हणजे काय हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. ती माणसं जास्त हसली.

पुडे म्हणजे काय, हे उर्वशीला तर पाठ होतं.

मे महिन्यात सालईटोल्यातलं कोणी वाचनालयात येत नाही. पहाटे सगळे जंगलात जातात, तेंदूची पानं तोडून दहा-अकरापर्यंत गाठोडी घेऊन परततात, आणि दुपारभर मोठ्या चिंचेखाली बसून पुडे बांधतात. सत्तर पानांचा एक पुडा. संध्याकाळी फळीवर, ठेकेदाराच्या खरेदीच्या जागी, नेऊन मोजून द्यायचे. हात चालतात, तोंडं रिकामी असतात, ऊन मरणाचं. आठ-नऊ वर्षांपूर्वी मंगलीबाईने वाचनालयाच्या दारातून आत डोकावून म्हटलं, "सोमाजीभाऊ, एकटाच बसून का करून राह्यला इथी? चिंचेखाली ये ना गा. बसल्या बसल्या काई वाचून तरी दाखव."

बाबा पुस्तक घेऊन गेले. वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. तेव्हापासून दर मेमध्ये चिंचेखाली पुस्तक असतं. ऐकणाऱ्यांनी पुस्तकं आपल्या मापाने मोजायला सुरुवात केली. पानं किती, हे त्यांच्या कामाचं नव्हतं. "हे किती पुड्याचं हाये गा?" मंगलीबाई विचारायची. म्हणजे हे वाचून होईतो सगळ्यांचे मिळून किती पुडे बांधून होतील? बाबा अंदाज सांगत, पुस्तक संपलं की खरा आकडा मोजत आणि शेऱ्याच्या खान्यात लिहून ठेवत. पुढच्या साली कोणतं घ्यायचं ते ठरवायला बरं पडे. आणि नियम असा, की पुस्तक वाचनालयाच्या दाराबाहेर जो नेईल त्याची सही पाहिजे. दाराबाहेर पुस्तक बाबाच नेत. म्हणून सही बाबांची. दुसऱ्या कोणाची ठोकून देता आली असती. इतर गावांत काय करतात ते उर्वशीने याच हॉलमध्ये सकाळी चहाच्या वेळी ऐकलं होतं : मतदारयादी घ्यायची आणि नावं उतरवायची. मेलेल्या माणसांच्या नावावर पुस्तकं जातात आणि वेळेवर परतही येतात.

हे सगळं तिला माहीत होतं. माईक तिच्या हातात होता. मागच्या भिंतीपर्यंत जाणारा आवाज तिच्या गळ्यात होता.

आणि ती बोलली नाही.

एकशेसाठ माणसं हसत असताना मधोमध उभं राहणं म्हणजे काय, हे स्नेहसंमेलनात कोणी शिकवलं नव्हतं. तिने पाचव्या रांगेकडे पाहिलं. तिला वाटलं, बाबा उठतील. निदान मान खाली घालून बसतील.

बाबा हसत होते. सगळ्यांसारखेच, दात दाखवून, शेजारच्याकडे बघत.

उर्वशीने माईक शेजारच्या खुर्चीवर ठेवला आणि जागेवर जाऊन बसली. "लोणचं तुहं," दिव्यानी कुजबुजली. उर्वशी तिच्याकडे बघेना.

तीन चाळीस झाले. एक पाहुणे उशिरा आले, म्हणून त्यांचा सत्कार राहिला होता, तो झाला. ताणतणाव कसा घालवावा यावर एक बाई बोलल्या आणि सगळ्यांना डोळे मिटायला सांगून स्वतः फोन बघत राहिल्या. चार पस्तीसला सूत्रसंचालकाने पत्रिकेवरची ओळ वाचली आणि त्याच दमात सांगितलं, "दोनाडकर सर, दोन मिनिटांत आटपा, प्रमाणपत्रं वाटायची आहेत."

बाबा स्टेजवर गेले. फाईल उघडली, चार कागद काढले, त्यांच्याकडे पाहिलं आणि परत फाईलमध्ये ठेवले.

"मी सोमाजी दोनाडकर, सालईटोला," ते म्हणाले. "मघा सायबांनी दाखवली ते वही माहीच होय. नोंद चुकली. यापुढं पुस्तक दाराबाहेर जानार नाई. जेवनाची वेवस्था चांगली होती. आभारी हाव."

टाळ्या पडल्या. कोणाला तरी मघाची सवय लागली होती, त्याने दोन बोटांनी वाजवली.

उर्वशीला त्या क्षणी सगळ्यांचा राग आला. बदामाचा, बुकेंचा, रिमोटचा. पण या सगळ्यांत मिळून जेवढा आला नाही तेवढा त्या मळकट फाईलचा आला, आणि फाईल सांभाळत स्टेजच्या पायऱ्या जपून उतरणाऱ्या माणसाचा.

साडेपाचच्या एसटीत दोघांना पुढेमागे जागा मिळाली, मग एक म्हातारा उतरला आणि ती बाबांशेजारी आली. खिडकीबाहेर धान कापून झालेल्या रिकाम्या बांध्या पळत होत्या आणि मध्येच एखादा पळस पेटल्यासारखा येऊन जात होता. प्रमाणपत्र बाबांनी चुरगळू नये म्हणून शर्टाच्या आत, बनियनला लागून ठेवलं होतं.

"तुमी काऊन हसले?" उर्वशीने विचारलं.

बाबांनी तिच्याकडे पाहिलं.

"सगळे तुमाले हसत होते, आन् तुमी बी हसून राह्यले! लाज नाई वाटली?"

"अवं, सगळे हसत असताना एकटाच मानूस न हसता बसला तं वळखू येते ना," बाबा म्हणाले. "लोकायले सालईटोल्याचं नाव कळलं होतं. माहं तोंड कुठी कळलं होतं? मले वाटलं, निभून जाईन."

"मंग स्टेजवर काऊन सांगतलं, वही माही होय म्हनून?"

"तिथी तं नावच पुकारलं. मंग लपून का करतो?" त्यांनी खिडकीची काच वर सरकवायचा प्रयत्न केला, ती सरकली नाही. "सायबानं पट्टी लावली होती नावावर. भला मानूस."

पट्टी होती. पट्टी काढली, कारण कोणीतरी लोणच्यासाठी उभं राहिलं आणि आपलं गाव सांगितलं. हे बाबांनी म्हटलं नाही. म्हणाले असते तर बरं झालं असतं.

"तुहा प्रश्न चांगला होता," उलट ते म्हणाले. "त्याले आलं नाई सांगता."

गाडीला एका ठिकाणी गुरं आडवी आली आणि ड्रायव्हरने ब्रेक दाबला. मांडीवरची फाईल खाली पडली. बाबा वाकेपर्यंत उर्वशीने कागद गोळा केले होते. त्यांनी हात पुढे केला, पण तिने दिले नाहीत. पहिल्यांदाच तिने ते अक्षर वाचलं, जे महिनाभर घरात तिच्या डोळ्यांसमोर लिहिलं जात होतं.

'आमच्या गावी तेंदूच्या हंगामात पुस्तक वाचले जात नाही, ऐकले जाते. मागील वर्षी रोज सरासरी एकतीस माणसे होती. पैकी सही करता येणारी अकरा. पुस्तक दाराबाहेर मी नेत असल्याने नोंद माझ्या नावावर करतो. परंतु पुस्तक माझे एकट्याचे नसते. एकतीस माणसांची नोंद एका ओळीत कशी करावी, हे मला समजत नाही. नोंद चुकीची असल्यास बरोबर पद्धत कोणती, याचे मार्गदर्शन या अधिवेशनात मिळावे, ही नम्र विनंती.'

चौथ्या पानाच्या शेवटी, कंसात, बारीक अक्षरात : 'इथे थांबणे. उत्तराची वाट पाहणे.'

उर्वशीने कागद घडीवर घडी जुळवून फाईलमध्ये ठेवले. कंडक्टर कोणाशी तरी मोहर्लीच्या वाघिणीला बछडे झाल्याचं बोलत होता, आणि बाबा ते लक्ष देऊन ऐकत होते.

घरी आई ओसरीवर सूप घेऊन बसली होती. बाबांनी चपला काढायच्या आत तिने विचारलं, "झालं का भाषन? दहा मिंटात बसलं?"

"बसलं."

"मंग? का म्हनाले लोक?"

"टाळ्या वाजवल्या," बाबा म्हणाले. हे खोटं नव्हतं. त्यांनी शर्टातून प्रमाणपत्र काढलं. घामाने ते एका बाजूने ओलसर झालं होतं. आईने हात पदराला पुसून ते घेतलं, उलटसुलट केलं आणि देवळीत ठेवलं.

"मंगलीबाई येऊन गेली," ती पुन्हा सुपाकडे वळत म्हणाली. "पुसत होती, औंदा पह्यले तेच पुस्तक घेता ना म्हनून. मागच्या साली फळी लवकर बंद झाली आन् ते अर्धंच राह्यलं. त्या पुस्तकातली बाई पोराले घेऊन नदीपाशी थांबली होती ना, डोंगा येत नव्हता. पुढं का झालं, मंगलीबाई साल भरून इचार करून राह्यली. मी म्हनलं, तुह्या सोमाजीभाऊले आत्ताच पूस. तं म्हनते कशी, नाई वो, सांगू नोको म्हना. चिंचेखालीच ऐकीन."

बाबा खुंटीला शर्ट अडकवत होते. त्यांची पाठ इकडे होती.

"तिले म्हना, फॉर्म भरून पुस्तक घरी ने."

"तिले?" आई हसली. "तिले वाचता येते का?"

बाबांनी अडकवलेला शर्ट काढून पुन्हा अडकवला.

"अवो, का झालं?"

"पुस्तक दाराबाहेर नाई जानार औंदा. तसं सांगून आलो मी तिथी. ग्रंथपालानं सोताच्या नावावर पुस्तक न्यायचं नाई." त्यांनी शर्टाची बाही सरळ केली, जी सरळच होती. "नियम तं नियम होय. मे मंधी कुलूप उघडून बसन. कोनी आलं तं आलं."

आईचा हात सुपावर थांबला. बाहेर कोणाची तरी बकरी ओरडत होती. आई नवऱ्याच्या पाठीकडे बघत राहिली, मग उर्वशीकडे बघितलं, जणू हिने तिकडे काहीतरी पाहिलं असेल ते ही आता सांगेल.

उर्वशीच्या डोळ्यांपुढे चिंच आली. मागच्या मेमध्ये ती चिंचेवरून जायची ती लांबून, मैत्रिणींना घेऊन, कारण बाबा वाचताना म्हातारीचा आवाज काढत आणि तिला लाज वाटे. औंदा तर ती इथे असणारच नव्हती. नागपूरला मामाकडे राहून व्यक्तिमत्त्व विकास शिबिराला जायचं होतं. त्यासाठी तिने दिवाळीपासून आईचं डोकं खाल्लं होतं, दोन दिवस जेवली नव्हती, आणि गेल्याच आठवड्यात बाबा हो म्हणाले होते. तिथे माईकवर कसं बोलायचं ते शिकवतात. बहुतेक पावसाची टाळीही शिकवत असतील.

ती आत गेली. बाबांची पिशवी दाराआड होती. तीत सभासदाचे कोरे फॉर्म असतात, कधी कोणी रस्त्यात भेटून मागितला तर. गेल्या कित्येक वर्षांत कोणी रस्त्यात मागितला नव्हता, त्यामुळे वरचा फॉर्म कडेने पिवळा पडला होता. उर्वशी जन्मापासून वाचनालयातली पुस्तकं घरात लोळताना बघत आली, चाळत आली, पण सभासद ती कधीच झाली नव्हती. ग्रंथपालाच्या पोरीला फॉर्म कशाला?

तिने फॉर्म आणि पेन आणून बाबांच्या समोर धरलं.

बाबांनी फॉर्मकडे पाहिलं. मग तिच्याकडे. बराच वेळ त्यांच्या काही लक्षात येईना, किंवा येत होतं आणि ते त्याला येऊ देत नव्हते. शेवटी ते भिंतीला टेकून बसले, मांडीवर फाईल घेतली, तिच्यावर फॉर्म सरळ केला आणि पेनाचं टोपण काढलं. घरात त्यांचा एक आवाज होता आणि वाचनालयात एक. उर्वशीने तो दुसरा आवाज स्वतःसाठी कधी ऐकला नव्हता.

"पूर्ण नाव?" त्यांनी त्या आवाजात विचारलं.

"उर्वशी सोमाजी दोनाडकर," ती म्हणाली. आवाज मागच्या भिंतीपर्यंत नेला नाही, ओसरीपुरताच ठेवला. "अठराच्या खाली हाय, तं पालकाची सही तुमचीच लागन. आन् दोघं बी आयका. मी नागपूरले जात नाई. शिबिर राहू द्या. ते नदीवालं पुस्तक माह्या नावावर टाका. मे मंधी चिंचेखाली मी वाचीन, पह्यल्या पानापासून नाई, दोनशे ऐंशी पुड्यापासून. आन् शेऱ्याचा खाना रिकामा ठेवा बाबा. किती पुडे झाले ते मी लिवीन."